पन्नास किलोची हवा

४ ऑगस्ट

ती. आत्या,

नमस्कार. फोनवर दादाचं नाव निघालं की तू "गॅसवर दूध आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. मीही सुटल्यासारखी "बरं" म्हणते. म्हणून पत्र. कागदावरून तुला पळता येणार नाही.

मला दादाची सायकल हवी आहे. तुझ्याकडे, त्याच्या खोलीत, भिंतीला टेकून आहे ती. खाणीमागच्या उताराची शर्यत यंदा डिसेंबरात पुन्हा होणार आहे. गेल्या वर्षी दादा तिथेच गेला म्हणून क्लबनं ती रद्द केली होती. मी नाव दिलंय. आईबाबांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

इथला सायकलचा मिस्त्री म्हणतो, सांगाडा धड असेल तर दोनच गोष्टींचा विचार करायचा: पुढचा फोर्क आणि टायर. डोंगरउतारावर माणूस या दोघांच्या भरवशावर असतो. तर एवढं बघ: फोर्कच्या वरच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे आहेत का, एका नळीवर बारीक रबरी कडं असेल ते कुठे आहे, आत हवा किती आहे, आणि टायरच्या बाजूला काय लिहिलंय. दादाचा हातपंप टेबलाच्या खणात असेल.

आयुष्यभर तू दुकानदारांची वजनं-मापं तपासलीस. तुझ्याइतकं नेमकं कोण बघणार?

तुझी
मुंगी

१३ ऑगस्ट

चि. मुंगीस,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी घे. आधी बोलणी खा.

एक, गॅसवर खरोखर दूध असतं. दोन, ज्या उतारानं घरातलं एक माणूस खाल्लं, त्यालाच दुसरं वाढून द्यायची ही कुठली अक्कल? तीन, आईबापांपासून लपवायचं आणि आत्याला सामील करून घ्यायचं, हा धंदा तुम्ही दोघं भावंडं पाळण्यात असल्यापासून करत आला आहात. दांडगोबा गेला तरी तो बंद पडला नाही, हे बघून थक्क झाले.

सायकल देणार नाही. पण विचारलेलं तपासून कळवते, कारण कुणी माप विचारलं आणि मी दिलं नाही, असं नोकरीत कधी झालं नाही.

खोली मी वर्षभर फक्त झाडायला उघडते. नळ्या उशीच्या जुन्या अभ्र्यानं पुसल्या. ओरखडा नाही. खाली पडलेल्या माणसाची सायकल इतकी धडधाकट असावी याचा मला त्याही दिवशी संताप आला होता, काल परत आला. रबरी कडं पार वर, नळीच्या टोकाला जाऊन बसलंय. पुढच्या टायरचे दात चांगले उंच आहेत, मागचा माझ्या टाचेसारखा गुळगुळीत. टायरवरचे आकडे वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून सोबत घातलेत.

फोर्कच्या पायावर एक तक्ता चिकटवलेला आहे: इतक्या किलोच्या माणसाला इतकी हवा. अक्षर मुंगीएवढं, तुझ्या नावाला शोभेल असं. पंप लावला तर त्यावरचा काटा पन्नास किलोच्या ओळीतल्या आकड्यावर. दांडगोबा ब्याऐंशीचा होता. दर महिन्याला मीच त्याला माझ्या काट्यावर उभा करायचे. तेव्हा बाकीची हवा वर्षभरात गळाली असणार.

माणसांचे खोटे दात बनवतेस ते बनव. टायरच्या दातांची उठाठेव सोड.

आत्या

२२ ऑगस्ट

ती. आत्या,

"देणार नाही" म्हणून सगळं तपासलंस, म्हणजे देणार आहेस.

आता ऐक, कडं काय सांगतं ते. फोर्क दबला की ते कडं वर ढकललं जातं आणि तिथेच राहतं. जास्तीत जास्त किती दबला त्याची ती खूण. टोकाला आहे म्हणजे त्या दिवशी फोर्क तळाला आदळला. एवढंच मला कळलं आणि मी दुपारभर एका कवळीचे दात उलटे बसवत होते.

मिस्त्रीनं दोन रस्ते सांगितलेत. एक, दादाचाच हवेचा फोर्क ठेवायचा, आतली रबरं बदलून. त्यात स्वाराच्या वजनाप्रमाणे हवा भरता येते. कमी भरली तर उतारावर पुढचं चाक खड्ड्यात बसलं की फोर्क झपकन खाली जातो आणि माणूस हँडलवरून पुढे. जास्त भरली तर दगडागणिक हात बधिर. दुसरा रस्ता, स्प्रिंगचा फोर्क. जड असतो, पण गळण्याची भानगड नाही.

म्हणून एक कर. दादाच्या वजनाची हवा भर, कडं बोटानं खाली सरकव आणि आठवड्यानं बघ. गळत असेल तर कळेल.

माझं वजन विचारशील म्हणून सांगते: पन्नास. नेहमीचंच.

मुंगी

९ सप्टेंबर

चि. मुंगीस,

स्प्रिंगचा घे. मी उभ्या आयुष्यात जितक्या स्प्रिंगा तपासल्या तितके तू दात केले नसशील. स्प्रिंग खोटं बोलते, पण हळूहळू आणि एकाच दिशेनं. तिच्याशी संसार करता येतो.

या हवेचं मला काही ठीक दिसत नाही. तू सांगितल्याप्रमाणे ब्याऐंशीच्या ओळीपर्यंत भरली. हात भरून आले, शेजारीण विचारत होती एवढं काय फुसफुसतंय. कडं खाली सरकवलं. खोलीला कुलूप. आठवड्यानं उघडलं तर हवा पन्नासावर.

गळते म्हणावं, तर परत भरली. आणखी आठवड्यानं परत पन्नास. फुटकं भांडं रिकामं होईपर्यंत गळतं. अर्ध्यावर येऊन "बास, एवढंच" म्हणणारं भांडं मी पाहिलेलं नाही.

आणि कडं वर सरकलेलं. टोकापर्यंत नाही, वीतभर नळीवर बोटभर. कुणी हलक्या अंगाचं माणूस सायकलवर नुसतं बसून उतरावं, तेवढं. घरात मी एकटी. माझ्या गुडघ्यांना ती दांडी ओलांडता येत नाही हे तुला ठाऊक आहे, त्यामुळे माझ्यावर संशय घेऊ नकोस.

उंदीर असेल, असं शेजारीण म्हणते. पन्नास किलोचा उंदीर घरात असता तर मी भाडं मागितलं असतं.

आत्या

१५ सप्टेंबर

ती. आत्या,

मिस्त्रीला तुझं पत्र वाचून दाखवलं. उंदराला तो फार हसला. मग म्हणाला, "तुमच्या आत्याबाईंना सांगा, पंप लावला की थोडी हवा पंपाच्या नळीत जाते. प्रत्येक वेळी तपासताना त्या स्वतःच हवा कमी करतायत. शिवाय फोर्कच्या आत दोन कप्पे असतात, एकातून दुसऱ्यात हवा जाते, मग काटा उतरलेला दिसतो."

मी म्हटलं, "आणि दोन्ही वेळा बरोबर पन्नासावरच?"

तो म्हणाला, "ताई, वयस्कर माणसं आहेत. चष्मा असेल."

आत्या, पत्र फाडू नकोस. हे त्याचं म्हणणं आहे, माझं नाही.

टायरचं ठरत आलंय. उतारावर सुटी खडी आहे, म्हणून पुढे रुंद, मऊ रबराचा, लांब लांब दातांचा. पुढचं चाक घसरलं की संपलं, मागचं घसरलं तर सावरता येतं. म्हणून मागे थोडा कडक, आखूड दातांचा. आत ट्यूब नाही, पातळ चीक ओततात. काटा घुसला की चीक तिथे सुकून भोक बुजतं. दादाच्या टायरातला चीक केव्हाच सुकून साय झाली असेल.

मुंगी

३० सप्टेंबर

चि. मुंगीस,

तुझ्या मिस्त्रीला माझा निरोप दे. म्हणावं, तू बोलायला शिकायच्या आधीपासून या बाईनं काट्यांच्या शून्यातली चूक पकडली आहे. पंपाच्या नळीत हवा जाते, हे तिला तुझ्याकडून शिकायचं नाही. ती किती जाते ते आधी मोजून, वजा करून ती आकडा सांगते. उंटावरून शेळ्या हाकू नकोस म्हणावं. चष्मा आहे, आणि त्यातून दिसतं.

संताप आला म्हणून रीतसर तपासणी केली. खिडकीची कडी आतून लावली. हवा ब्याऐंशीच्या ओळीपर्यंत भरली, हँडलवर जोर देऊन फोर्क चांगला दाबला, त्या दोन कप्प्यांचं काय देणंघेणं असेल ते माझ्यासमोर मिटवलं, परत भरली. व्हॉल्व्हच्या टोपणावरून तार आवळून फोर्कच्या मानेला वेढे दिले आणि तारेच्या टोकांना शिशाचं सील मारलं. निवृत्त होताना सगळं जमा केलं, सील मारायची पक्कड तेवढी माझ्याकडे राहिली. बायका अंगठी ठेवतात, मी पक्कड ठेवली.

काल उघडलं. सील जसंच्या तसं. माझा शिक्का माझ्याकडे बघतोय. तार कापली, पंप लावला.

पन्नास.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की भुतांवर विश्वास ठेवणं पाप आहे आणि अर्धवट चौकशी करणं त्याहून मोठं पाप. म्हणून चौकशी पुरी करते. पुढचं चाक उचलून कानाशी हलवलं. आत चुळुकचुळुक आवाज आला. चीक सुकलेला नाही, मुंगी. ओला आहे, बाटलीतून आत्ता ओतल्यासारखा.

कुलूप लावून मी स्वयंपाकघरात येऊन बसले. दूध उतू गेलं. या वेळी खरोखर गेलं.

आत्या

१९ ऑक्टोबर

ती. आत्या,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र पर्समध्ये घालून फिरत होते. लॅबमध्ये प्लास्टर कालवता कालवता मध्येच हात पुसून वाचायची.

मला भीती नाही वाटली. खरं सांगू? वर्षभरात पहिल्यांदा नीट जेवले.

तुझ्या लक्षात येत नाही का? पन्नास म्हणजे मी. मी आठवीत असल्यापासून तो मला विचारायचा, "मुंगे, वजन किती?" आणि मी म्हणायची, "पन्नास." माझ्या प्रत्येक सायकलची हवा त्यानंच भरली. तू ब्याऐंशी भरतेस आणि तो परत माझ्यापुरती करून ठेवतो. चीक ओला ठेवतो. कडं वर करून सांगतो, बघ, तू बसलीस तर एवढी दबेल. तो सायकल तयार करतोय माझ्यासाठी.

म्हणून ठरवलं. नवीन फोर्क नको, स्प्रिंग नको, टायरही नकोत. त्यानं जशी ठेवलीय तशीच, त्याच हवेवर, मी त्या उतारावरून उतरणार. कुणी बोट लावायचं नाही. तूही पंप लावू नकोस आता.

मिस्त्री म्हणाला, "मागच्या गुळगुळीत टायरवर खडीत उतरणार? डोकं फिरलंय का?" मी त्याला म्हटलं, घरचा मामला आहे.

मुंगी

२५ ऑक्टोबर

चि. मुंगीस,

आता आशीर्वाद वगैरे काही नाही. बस आणि वाच.

मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं की हवा वर्षभरात गळाली असणार. ते मला तेव्हाही खरं वाटत नव्हतं. तक्ता वाचला त्याच क्षणी मला कळलं होतं. तुला कळू नये म्हणून गळतीचं कारण पुढे केलं.

त्या दिवशी सकाळी तो अंगणाच्या पायरीवर बसून फोर्कमधून हवा सोडत होता. सूं सूं आवाज येत होता. मी विचारलं, "काय चाललंय रे?" तर म्हणाला, "मुंगी यायचीय ना उद्या. तिच्या वजनाची करून ठेवतो. आली की लगेच बसेल." चहा प्यायला. मग म्हणाला, "आत्या, मऊ लागते का बघायला एक फेरी मारून येतो." मी म्हटलं, "आधी आंघोळ कर." तो म्हणाला, "आल्यावर."

ब्याऐंशी किलोचं धूड पन्नास किलोच्या हवेवर बसून खाणीमागच्या उतारावर गेलं. कड्याची खूण कुठे होती ते तुला ठाऊक आहे, आणि हवा कमी असली की काय होतं ते तूच मला लिहिलंस.

हे मी तुला सांगणार नव्हते. कधीच नाही. तुझ्यासाठी म्हणून तो गेला, असं तू मनाला लावून घेशील आणि मग जन्मभर तेच धरून बसशील, हे मला माहीत होतं. पण आता तू त्याच हवेवर बसून त्याच जागी जायला निघालीस, तेव्हा गप्प बसणं शक्य नाही.

दिवाणखान्यात माझा वजनकाटा आहे. शर्यतीच्या आधी इथे ये आणि माझ्यासमोर त्याच्यावर उभी राहा. मग बघू, कोण कुणासाठी काय तयार करतंय ते.

आत्या

२ नोव्हेंबर

ती. आत्या,

शनिवारी येते. स्टेशनवर येऊ नकोस. स्वयंपाकही करू नकोस.

मुंगी

१८ नोव्हेंबर

चि. मुंगीस,

तू धाडकन दार आपटून गेलीस, त्याला आज पंधरवडा होत आला. दाराची वरची बिजागरी ढिली झाली आहे. पुढच्या वेळी येशील तेव्हा स्क्रू घट्ट कर.

मी काय वाईट बोलले? "एकसष्ट," एवढाच शब्द उच्चारला. तू म्हणालीस, "काटा जुना आहे." माझा काटा! मग म्हणालीस, "बूट घातलेत." बूट काढलेस, तरी एकसष्ट. मग म्हणालीस, "व्यायामानं मांड्या भरल्यात." भरल्याच आहेत, आनंद आहे, गेल्या वर्षी काडी झाली होतीस. पण मग "पन्नास" कुठून आलं? तर म्हणे, "आठवीत होते तेव्हापासून तेच सांगतेय, त्यालाही तेच सांगायचे." शहरभरच्या वाण्यांच्या मापातलं पाप मी पकडत फिरले आणि ते माझ्याच घरात, माझ्याच भाचीच्या तोंडी इतकी वर्षं नांदत होतं. हसू आलं म्हणून हसले. तू रडायला लागलीस आणि म्हणालीस, "मी त्याच्याच हवेवर उतरणार, तुला काय करायचं ते कर," आणि दार.

तू सायकलला बोटही न लावता गेलीस. मग मी गेले आत. काटा उचलून त्याच्या खोलीत नेला, सायकलसमोर ठेवला, आणि पहिल्यांदाच त्या खोलीत मोठ्यानं बोलले. लाज वाटली. शाळेत प्रार्थनेलाही मी नुसते ओठ हलवायचे.

म्हटलं, "दांडगोबा, ऐक. तू सायकल तिच्यासाठी करतोयस ते कळलं मला. पण तुला जे वजन ठाऊक आहे ते खोटं आहे. तेव्हाही खोटं होतं आणि आता तर फारच. ती एकसष्टची आहे. मी स्वतः तपासलंय. तू तिला ज्या हवेवर बसवतोयस, त्यावर ती तुझ्यासारखीच खाली जाईल. मेलेल्या माणसाला नवी मापं कळत नाहीत, हा तुझा दोष नाही. पण मी सांगितल्यावर तरी ऐक. जिवंतपणी आंघोळीचं ऐकलं नाहीस, हे ऐक."

आणि मग मी त्याला बरंच काही बोलले, ते तुझ्यासाठी नाही.

हवा पन्नासावर होती तशीच ठेवून सील मारलं. कुलूप लावलं. आज उघडलं. सील शाबूत. तार कापून पंप लावला.

एकसष्टच्या ओळीवर.

तुझ्या मिस्त्रीला विचार. हवा कमी होण्याची त्यानं दोन कारणं सांगितली. कोंडलेली हवा आपोआप वाढण्याचं एखादं सांगतो का बघ.

आता कुणाच्या हवेवर बसायचं ते तू ठरव. त्याची शेवटची हवा एकसष्टची आहे. पन्नासची तुझी होती.

आत्या

ता. क. सील माझं, पक्कड माझी, किल्ली माझी, हे मलाही कळतं. तू वकील असतीस तर एवढंच धरून बसली असतीस.

११ डिसेंबर

ती. आत्या,

क्लबच्या लोकांना घाई होती म्हणून शर्यतीनंतर तुझ्याकडे न येता थेट निघाले. शर्यतीच्या आठवडाभर आधी सायकल न्यायला आले तेव्हा तू एक शब्द बोलली नाहीस. मीही नाही. तू फक्त दाराच्या बिजागरीकडे बोट दाखवलंस, आणि मी स्क्रू पिळला. आता लिहिते.

मी टायर बदलले. पुढे तो रुंद, लांब दातांचा, मागे आखूड दातांचा. दादाचे काढले तेव्हा आतला चीक माझ्या हाताला लागला. ओला होता. मिस्त्रीनं बोटाला लावून बघितला, वास घेतला आणि बोट फडक्याला पुसलं. मग तोच म्हणाला, "फोर्कची रबरं मी बदलतो, पण आतली हवा आहे तेवढीच परत भरतो. एकसष्ट ना?" मी म्हटलं, "हो. एकसष्ट." आत्या, मी पहिल्यांदा हे कुणासमोर मोठ्यानं म्हटलं.

उतारावर दादा पडला तो खड्डा येतो तिथे क्लबनं लाल फीत बांधली होती. त्याच्या आधी एक वळण आहे, तिथे सगळे ब्रेक दाबतात. मी दाबले. तेवढ्यात मागून फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली. दादाच्या सायकलची असायची तशी, जलद, एकसारखी. मला वाटलं मागचा स्पर्धक जवळ आला, त्याला वाट द्यावी, म्हणून एका बाजूला झाले. कुणी पुढे गेलं नाही. बाजूला झाल्यामुळे मी खड्ड्याच्या कडेवरून गेले, मधून नाही. फोर्क दबला, खोल दबला, आणि वर आला. मी सायकलवरच होते.

खाली आल्यावर विचारलं. माझ्या मागचा वरच पंक्चर होऊन थांबला होता.

नंबर मागून तिसरा आला. कडं बघितलं. नळीच्या टोकाशी अंगठ्याएवढी जागा शिल्लक होती.

आईबाबांना सांगितलं. आई चिडली, मग म्हणाली सायकल एकदा बघायला आण.

एक विचारायचं होतं. हवा तूच भरलीस ना? मी दार आपटून गेले, तू घाबरलीस, आणि मला तुझ्या शब्दावर बसवता येणार नाही म्हणून त्याच्या नावावर बसवलंस. असं असेल तर सांगू नकोस. आणि नसेल, तरीही सांगू नकोस.

तुझी
मुंगी (एकसष्ट)

२० डिसेंबर

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. या वेळी सुरुवातीलाच देते, कमावले आहेस.

मागून तिसरा नंबर म्हणजे लाज आहे, पण तुझ्या आत्याला या वर्षी याहून वरचा नंबर नकोच होता. वहिनीला सायकल दाखव. तिला हँडल धरू दे. ती काही म्हणाली तर ऐकून घे, उलट बोलू नकोस. वजन मात्र तिला खरं सांग.

तू एक प्रश्न विचारलास आणि उत्तर नको म्हणालीस. नोकरीत असते तर असा अर्ज परत पाठवला असता. आता ठेवून घेते.

खोली रिकामी झाली. भिंतीवर हँडल टेकायचं तिथे काळा डाग राहिला आहे, तो मी पुसला नाही. आता तिथे काही नाही, फक्त माझा वजनकाटा राहिलाय, कारण उचलून परत दिवाणखान्यात न्यायचा कंटाळा केला.

आज झाडायला गेले तर काट्याकडे लक्ष गेलं. खोलीत कुणी नाही, काट्यावर काही नाही, आणि सुई शून्यावर नाही. शून्याच्या किंचित पुढे. केसभर. पेन्सिल ठेवावी एवढं वजन, त्याहून कमीच. तुझा मिस्त्री म्हणेल स्प्रिंग थकली आहे. थकलीही असेल, तुझ्या एकसष्टनंतर.

एवढ्या चुकीसाठी मी दुकानदारांचे काटे जप्त केले आहेत. लोक हातापाया पडायचे, मी ऐकलं नाही. शून्य म्हणजे शून्य, म्हणायचे. सुईखाली एक छोटा स्क्रू असतो, तो जरासा फिरवला की ती जागेवर येते. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन मी बराच वेळ खाली बसले होते. गुडघे दुखायला लागले.

मग स्क्रूड्रायव्हर खणात ठेवला, काट्याभोवतालचं तेवढं झाडायचं सोडलं, आणि दार नुसतं लोटून घेतलं. कुलूप लावलं नाही.

तुझी
आत्या